काकापदाचा राजीनामा

आमचे पुंडलिककाका महिन्यातून एकदा काकापदाचा राजीनामा द्यायचे. लेखी. खाली सही आणि "मंजुरीस विनंती." बाबा तो कागद घेऊन काकांच्या मागच्या खोलीत जायचे आणि अर्ध्या तासात दोघं चहा पिऊन हसत बाहेर यायचे.

काका घाटंजीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. जर्मनीच्या कैसरच्या परराष्ट्र खात्यातला एक सल्लागार हे त्यांचं दैवत. तो मंत्री कधीच झाला नाही. मागं बसून साऱ्या युरोपाच्या सोयरिकी जोडायचा-मोडायचा आणि रुसला की राजीनामा द्यायचा. "पुढं बसते तो पडते, मागं बसते तो चालवते," असं काका म्हणायचे. घरच्या एकाही लग्नाच्या फोटोत ते नाहीत. बैठकीत आतून त्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. मी त्या वाचून बोलायचो आणि लोक मला हुशार समजायचे.

बाबा गेले, त्यानंतरच्या साली कापसाला भाव नव्हता. माझ्या लेकीचं, सोनीचं लग्न आर्णीला ठरलेलं. दिवाळीनंतर लगेच उरकू, हो की नाही कळवा, असा व्याह्यांचा निरोप आला. माझा कापूस घरातच पडून. आतून चिठ्ठी आली : 'जवाब देऊ नको.'

"काहून?" मी आत जाऊन विचारलं.

"वाट पाहू दे. या मंदीत त्याइले दुसरी सोयरीक कुठून भेटते?"

पंधरा दिवसांत कळलं, व्याही वणीला मुलगी पाहून आले. सोनी जेवेना.

काका हळूच म्हणाले, "त्या जर्मन सल्लागारानंही असंच केलतं. रशियाचा करार लटकवला. रशिया फ्रान्सकडं गेला."

"हे तुम्हाले माहीत होतं?"

"साऱ्याइले माहीत हाय. पुस्तकात हाय."

मी नाही नाही ते बोललो. संध्याकाळी राजीनामा आला. मी वाचला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं दोन शब्द लिहिले : 'मंजूर आहे.' बायकोनं कागद काकांना दाखवून परत आणला.

चौथ्या दिवशी व्याही दारात. "तारीख तुमच्या सोयीनं धरा," म्हणाले. "असं अचानक कसं?" मी विचारलं.

"अहो, तुमचे काका येष्टीनं आलते. भर बैठकीत हात जोडून उभे राह्यले. म्हणे, चूक माही हाय, पोरीची नाही. आता अशा माणसाले नाही कसं म्हणाव?"

काका? बैठकीत? उभे?

व्याही गेल्यावर मी मागच्या खोलीत धावलो. काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"तुम्ही कायले गेलते?"

"राजीनामा मंजूर झाला. आता मागं बसून काय करू?"

आता आतून चिठ्ठी कुठून येणार, लिहिणाराच समोर बसलेला.

"तुह्या बाबानं एकही राजीनामा वाचला नाही," काका म्हणाले. "या शेगडीत टाके अन् त्याच्यावरच चहा मांडे. तू वाचला."

मी घरात जाऊन तो मंजुरीचा कागद आणला, काकांची शेगडी पेटवली, कागद जाळावर धरला आणि वर आधण ठेवलं.

"साखर कमी टाक," काका भिंतीकडे बघतच म्हणाले.