सव्वा इंचाचा ड्रायव्हर

आमच्या शेजारचे धोंडिबा आबा नव्या माणसाला नाव विचारत नसत. एक डोळा मिटून ते समोरच्याला टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि मग निकाल देत. ह्यांची बदली लोणावळ्याला झाली तेव्हा बिऱ्हाड लावून झाल्यावर मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. आबा ओसरीवर मांडी घालून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सव्वा इंच."

मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. आतून त्यांची बहीण गोदामावशी विरजण घेऊन आली आणि म्हणाली, "मनावर घेऊ नगा, बाई. काल तपासाला आलेल्या सायबालाबी दीड इंच म्हनला त्यो."

खुलासा ओसरीवरच मांडलेला होता. फळ्यांवर अख्खं लोणावळं उभं होतं. स्टेशन, सिग्नल, बाजारपेठ, कागदाच्या लगद्याचा घाट, त्यात बोगदा. झाडं म्हणजे वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे रंगवलेले तुकडे. दिव्याचे खांब टाचण्यांचे. रूळ खोक्यांना लावतात त्या पत्र्याच्या पट्ट्यांचे, आणि त्यांवर भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची स्प्रिंग पोटात घालून धावणारी आगगाडी. आबांचा जन्म रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून गेला. विजेची इंजिनं घाटात आली, जुनी वाफेची इंजिनं गेली, त्यांच्याबरोबर आबाही घरी बसले. बसले म्हणजे ओसरीवर बसले, आणि नोकरीत असतानाच हौसेने सुरू केलेला घाट-बोगदा वाढवत त्यांनी सगळं पुन्हा उभारलं. हिशेब एकच होता: खऱ्या एका फुटाला इथे पाव इंच. त्या हिशेबाने मी सव्वा इंच भरत होते.

मग मला त्या घराची भाषा कळू लागली. पोस्टमन दीड इंची. चिक्कीच्या दुकानाचे थोराड मालक "उंचीला सव्वा, रुंदीला पाऊण; बसमधी दोन जागा." जे या हिशेबात बसत नाही त्याला आबांच्या लेखी जगात जागा नव्हती. "मापात न्हाई!" हा त्यांचा शेवटचा शब्द. शेजारच्या नवरदेवाचा फेटा मापात नव्हता. देवळाची नवी घंटा मापात नव्हती. एकदा मावशीने केलेली भाकरीही मापात नव्हती, त्यावर मावशी म्हणाली, "मग पाव इंचाची करते उद्या, बस चाटत."

मी मुंबईच्या शेटजींचे तीन बंगले सांभाळत असे. हवापालटासाठी येणाऱ्यांना चादरी, भांडी, दिवे द्यायचे, ते गेले की मोजून परत घ्यायचे. याद्या करायची मला सवयच आहे. यादी नसली की मला घरात कोणीतरी उचकापाचक करून गेल्यासारखं वाटतं. तर एका हंगामात उशांच्या अभ्र्यांची बटणं जायला लागली. धोब्याला विचारलं, त्याने शपथा घेतल्या. माळ्यावर संशय घेतला, तो रडला. शेवटी एका संध्याकाळी आबांच्या ओसरीवर बसले असताना स्टेशनासमोर उभ्या असलेल्या बसच्या चाकांना चार-चार भोकं दिसली.

"आबा, ही माझ्या अभ्र्यांची बटणं."

"व्हय," आबा शांतपणे म्हणाले. "धोब्याच्या पोरीनं आनून दिली. तुटल्याली व्हती म्हनली. तीन फुटी चाक, पाऊन इंची बटन. मापात हायेत."

मी बटणं सोडून दिली. पण खरा प्रश्न मला तिथेच पडला. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर तेव्हा टांगे असत, बैलगाड्या असत, एखाददुसरी सर्व्हिस मोटार असे. आबांच्या स्टेशनाबाहेर मात्र शहरातल्या बस उभ्या होत्या. मुंबईच्या रस्त्यांवर धावतात तशा लाल, लांब, ओळीने खिडक्या असलेल्या. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, खिडक्यांना अभ्रक, दिव्यांना काचेचे मणी, चाकांवर सायकलच्या व्हॉल्व्हचं रबर. टांगा एकही नाही.

"आबा, लोणावळ्यात शहराची बस कुठे असते?"

"मग गाडी ठेसनात आल्यावर मानसानं घरी कसं जायाचं? चालत?"

"टांग्याने."

"टांगा मापात बसत न्हाई," आबा म्हणाले आणि पट्टी उचलून दुसरीकडे बघू लागले.

टांगा न बसण्याचं काही कारण नव्हतं. आणि नवल असं, की मोटार हा शब्द त्या घरात उच्चारायचा नसे. हे मला मावशीने जात्यावर बसून सांगितलं. आबांना एकच मुलगा, शंकर. आई लहानपणीच गेलेली. सोळाव्या वर्षी आबांनी त्याला आपल्या शेडमध्ये चिकटवला. साहेबाच्या पाया पडून चिकटवला. पोरगा सहा महिन्यांत पळाला तो मुंबईला, मोटार धुवायच्या कामावर. पुढे बसचा ड्रायव्हर झाला. आबांनी गावभर सांगितलं, "रुळावरची मानसं आमी. रूळ सोडला त्यो आमचा न्हाई." तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. सणावाराला मुलाचा निरोप येई, तो मावशीला येई, पण ओसरीपर्यंत ऐकू जाई.

"आनि बग," मावशी जात्याचा खुंटा सोडून म्हणाली, "मोटारीला शिव्या घालतो आनि दिसभर मोटारीच बनिवतो. ह्या मानसाचं काय करावं?"

मी जात्यात मूठभर दाणे टाकले.

आबांचा स्वभाव मात्र त्या बसनी आणखी अवघड केला होता. एकदा माझ्या बंगल्यात उतरलेल्या एका गृहस्थांनी त्यांची ओसरी पाहिली, फार खूश झाले, आणि पुढच्या खेपेला विलायती खेळण्यातली एक झगझगीत मोटार त्यांना भेट म्हणून घेऊन आले. किल्ली दिली की धावायची, भोंगाही वाजायचा. आबांनी ती स्टेशनाशेजारी ठेवून पाहिली.

"ही आत शिरली तर ठेसनमास्तर चाकाखाली जाईल."

"अहो, पण किती सुंदर आहे!" गृहस्थ म्हणाले.

"हाय की. पर मानसं मारती." आणि त्यांनी ती मोटार दोन्ही हातांनी, पूजेचं सामान द्यावं तशी, परत केली. ते गृहस्थ पुढे दोन दिवस बंगल्यात चहा गोड लागत नाही म्हणत होते.

बंगल्यांचे हिशेब द्यायला आणि सामान आणायला मी महिन्याकाठी मुंबईला जाई. मुक्काम दादरला बहिणीकडे. एकदा निघायच्या आदल्या दिवशी आबा स्वतः आमच्या दारात आले. हे कधी होत नसे.

"बाई, तुमच्या यादीत माझं येक काम लिवा. बसची मापं पायजेत."

"कुठल्या बसची?"

"दादरला तळ्यापाशी दुपारी हुबी ऱ्हाती ती. दुसऱ्या कुटल्या बसची नगं. परत्येक बस येगळी असती."

मी पेन्सिल काढली. आबा सांगू लागले. पायरी जमिनीपासून किती. खिडकी किती रुंद. टपाचा उतार किती. इथपर्यंत ठीक होतं.

"ड्रायव्हरच्या डोक्यावर टप म्होरं किती आलाय? पाऊस आत येतो का? बसायला गादी हाय का नुसतं फळकूट? इंजनाची धग पायाला लागती का? दुपारच्याला बस हुबी ऱ्हाती, तवा ड्रायव्हर जेवतो कुटं?"

"आबा, जेवणाला पट्टी कशी लावू?"

"लिवा तुमी," आबा म्हणाले. "आनि ड्रायव्हरची उंची. ती इसरू नगा. टप उंचीवर ठरतो."

मी सगळं लिहून घेतलं. आतून ह्यांनी विचारलं, "उद्या बसची पत्रिकाही आणायची का?"

दादरच्या तळ्यापाशी भर दुपारी मी शिवणाची टेप काढून बसला लावली, तेव्हा माझ्याभोवती माणसं जमली. लुगडं सावरत मी पायरी मोजली, खिडकी मोजली. टेपचं दुसरं टोक एका फळवाल्याला धरायला दिलं. कंडक्टर धावत आला.

"ओ बाई, बसला परकर शिवताय काय?"

"माप घेतेय. टोक सोडू नका हो, फळवाले."

"कशाला?"

"लोणावळ्याला आमचे शेजारी छोट्या बस करतात. आगगाडीसमोर उभ्या करायला."

पुढून ड्रायव्हर खाली उतरला. उंच, सडपातळ, खाकी कपड्यांतला, कपाळावर घाम. माझ्याकडे न बघता टेपकडे बघत त्याने विचारलं, "बस करत्यात? आबा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नाक तेच. एक डोळा किंचित मिटून बघण्याची तऱ्हाही तीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तू शंकर?"

त्याने मान हलवली. "मोटारीचं नाव काढलं तर ताटावरनं उठायचे, बाई. बस करत्यात? खरंच?"

"सहा-सात झाल्या. स्टेशनाबाहेर रांग आहे."

तो बसच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि उगीचच चाकावरचा चिखल नखाने काढू लागला. मग म्हणाला, "बोगद्याच्या तोंडाचा लगदा म्या मळला व्हता. आजून पडला न्हाई?"

"नाही. आता हे सांग, पाऊस आत येतो का?"

मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि तो उत्तरं देत गेला. पाऊस थोडा येतो, उजव्या खांद्यावर. धग लागते, पण आता कळत नाही. जेवण खानावळीतलं, बरं असतं. गादीपाशी तो अडला.

"गादी हाय म्हनून सांगा."

"आहे का?"

"न्हाई. पर सांगा."

शेवटी मी उंचीचं विचारलं. तो बसच्या दाराला पाठ लावून, टाचा जुळवून, अगदी ताठ उभा राहिला. शाळेतल्या मुलाला उभं करतात तसा. कंडक्टर हसत होता, पण टेपचं टोक त्याच्या टाचेशी त्यानेच धरलं. पाच फूट आठ इंच भरली.

परतल्यावर संध्याकाळी मी ओसरीवर बसून मापं वाचून दाखवली. आबा खाली मान घालून ऐकत होते. पायरी, खिडकी, टप. "गादी आहे," मी म्हणाले. आबांनी मान हलवली. "पाऊस उजव्या खांद्यावर येतो." पट्टीवर त्यांचं बोट जरा थांबलं. भेट कोणाची झाली हे मी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही. दारात तांदूळ निवडत बसलेल्या मावशीचा हात मात्र केव्हाच थांबला होता.

"ड्रायव्हर पाच फूट आठ इंच."

आबांनी स्टेशनासमोरची पहिली बस उचलली आणि तिचा टप अलगद काढला. टप निघतो हे मला माहीतच नव्हतं. आत काड्यापेटीच्या लाकडाच्या सीटांची रांग होती, एकही उतारू नव्हता. फक्त पुढे एक ड्रायव्हर. बोटाच्या पेराएवढा, लाकडात कोरलेला, खाकी रंगवलेला. त्याच्याखाली लाल कापडाचा तुकडा घडी घालून ठेवला होता. गादी आबांनी आधीच दिली होती. पण ड्रायव्हरचे पाय खाली पोचत नव्हते. बाकावर बसवलेल्या मुलासारखे ते लोंबत होते.

"आबा," मी न राहवून म्हणाले, "हा तर मापात नाही. हा सव्वा इंचच आहे."

आबांनी त्याला चिमट्याने उचलून तळहातावर ठेवलं.

"गेला तवा येवढाच व्हता," ते म्हणाले.

मावशीने सुपातले तांदूळ उगीच पाखडले. मग आबांनी घसा साफ केला, पट्टी गुडघ्यावर आपटली आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागले.

"तुमच्या टेपवर भरवसा न्हाई, बाई. बायकांची टेप कापडाची, ताणती. पाच आठ येवढी उंची आमच्यात कुनाची न्हाई. मानूस हितं पायजे. ह्या चौकटीला पाठ लावून हुबा ऱ्हायला, वर लोखंडी पट्टी ठेवली, म्हंजी खरं माप."

"अरं, सरळ 'ये' म्हन की!" मावशी ओरडली.

"मी मापाचं बोलतुया!" आबा तिच्यावर उखडले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढच्या मुंबईच्या यादीत मी लिहिलं: दिव्यांच्या काचा, वाती, साबणाच्या वड्या, अभ्र्यांना बटणं, ड्रायव्हर एक.

त्या खेपेला काचा आणायच्या राहिल्या. बाकी यादी पुरी झाली.

स्टेशनावरून आम्ही टांग्याने आलो. आबा ओसरीवरच होते. शंकर पायाला हात लावायला वाकला, तर ते म्हणाले, "ते मागनं. आदी चौकटीला हुबा ऱ्हा." तो उभा राहिला, टाचा जुळवून, पाठ लावून. आबांचा हात पुरेना, म्हणून मावशीने पाट आणून दिला. पाटावर चढून त्यांनी पट्टी त्याच्या डोक्यावर आडवी ठेवली, एक डोळा मिटला, आणि पेन्सिलीने चौकटीवर रेघ मारली.

"झालं का?" शंकरने विचारलं.

"हालू नगंस," आबा म्हणाले.

रेघ केव्हाच मारून झाली होती. पट्टी मात्र त्यांनी कितीतरी वेळ डोक्यावरून काढलीच नाही.