शेषगिरीरावांची लाल गाडी

शेषगिरीराव देशपांड्यांनी लाल गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, तेव्हा सूर्यकांत चौगुलेला वाटलं, साहेब ती विसरून चालले. तो किल्ली घेऊन त्यांच्या मागे धावला.

"साहेब, किल्ली राहिली."

"राहिली नाही, तुला दिलीय. आमच्या धनलक्ष्मीच्या लग्नात नवरा-नवरी हॉलवरून याच गाडीतून निघणार. पण पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते. तू दुरुस्त कर."

"पण साहेब, मी ड्रॉइंग सेक्शनला आहे. गाडीचं मला..."

"म्हणून तर तुला देतोय," शेषगिरीराव म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचे शेषगिरीराव मालक. माणूस मूळचा विजापूरकडचा. घरात मराठी बोलायचा, रागावला की कानडी. त्यांची ती दोन सीटची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स कार त्यांनी तरुणपणी घेतली होती आणि रविवारखेरीज ती कुणाच्या दृष्टीस पडत नसे. अशी गाडी आपल्या हाती सोपवली, याचा सूर्यकांतला अभिमान वाटला. तो नवरंग टॉकीजच्या चौकातल्या सिग्नलपर्यंत टिकला. लाल दिवा लागला, सूर्यकांतने पाय उचलला आणि गाडी बंद पडली. हिरवा दिवा लागला तरी ती सुरू होईना. मागे बस, बसच्या मागे आणखी बस. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"एनु सार, फॉरिन गाडी? तळ्ळबेका?"

सूर्यकांत "नको, नको" म्हणेपर्यंत रिक्षावाल्याने उतरून गाडी ढकलायला सुरुवातही केली होती.

राजाजीनगरात घराच्या फाटकातून गाडी ढकलतच आत आली. बायको अहल्या दारात उभी होती.

"ही कुणाची?"

"साहेबांची. मी दुरुस्त करणार आहे."

"तुम्ही? अहो, आपल्या मिक्सरचं झाकण बसत नाही अजून."

निपाणीहून आलेल्या सूर्यकांतच्या आईने, गोदूबाईंनी, गाडीच्या टपाकडे म्हणजे टप असायला हवं तिथे बघितलं. "बाळा, वरचं कुठं काढून ठिवलंस?"

अहल्याचा भाऊ अजिंक्य नुकताच पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आला होता आणि जागा मिळेपर्यंत बहिणीकडे राहत होता. तो म्हणाला, "जिजाजी, सिस्टिमॅटिकली जाऊ या. इंजिनला लागतं काय? पेट्रोल, हवा आणि ठिणगी. एकेक चेक करायचं."

त्यांनी एकेक पाहिलं. प्लग घासले. कार्ब्युरेटरची नळी काढून फुंकली, तेव्हा अजिंक्यच्या तोंडात पेट्रोल गेलं आणि पुढचा तासभर त्याला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शेवटी सूर्यकांतला एक चिरलेली रबरी नळी सापडली. तिच्यातून जास्तीची हवा आत जात असणार. त्याने नवी नळी बसवली, पाय उचलल्यावरही इंजिन फिरतं ठेवणारा कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्क्रू थोडा आत पिळला आणि गाडी सुरू केली. पाय उचलला. गाडी घुरघुरत राहिली. त्याने खाली उतरून तिच्याभोवती एक फेरी मारली. तरीही चालूच!

"अहल्या, चहा टाक!" सूर्यकांत ओरडला. त्या आवाजात लग्न ठरल्यावरही नव्हता एवढा आनंद होता, असं अहल्याचं मत पडलं.

सकाळी कारखान्यात दाखवायला म्हणून त्याने ती सुरू केली आणि पाय उचलताच ती बंद पडली.

संध्याकाळी पुन्हा सगळं उघडलं. नळी ठीक, प्लग ठीक. स्क्रू पिळला, गाडी झकास चालली. सकाळी पुन्हा बंद. असं रोज होऊ लागलं. संध्याकाळी शहाणी आणि सकाळी वेडी, असं यंत्र सूर्यकांतने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने थंडीला दोष दिला आणि बॉनेटवर गोधडी घातली. मग पेट्रोलला दोष दिला आणि टाकी रिकामी करून पुन्हा भरली. मग वरच्या पिंपर्णीच्या झाडाला दोष दिला आणि गाडी भिंतीकडे सरकवली. अजिंक्य म्हणाला, "इंटरमिटंट बग आहे. हे सगळ्यात वाईट." गोदूबाईंना मात्र कारण ठाऊक होतं. दृष्ट. त्यांनी समोरच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली.

"चौगुले, झाली का रे गाडी?" कारखान्यात फोरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे विचारायचे. लग्न चार दिवसांवर आलं. सूर्यकांतचं जेवणावरचं लक्ष उडालं. पोळीचा तुकडा हातात धरून तो म्हणायचा, "स्क्रू आपोआप बाहेर येतो. कंपनाने म्हणावं, तर रात्रभर गाडी उभी. उभ्या गाडीला कसलं कंपन?"

"तुमच्या साहेबांनाच इचार की," गोदूबाई म्हणाल्या. "रोज सकाळी येत्यात."

"कोण येतं?"

"साहेब. पलीकडच्या गल्लीत ऱ्हात्यात नव्हं, फिरायला जाताना. तू आंघोळीत असतोस. मी रांगोळी काढत असते. माणूस लई भाविक. गाडीचं तोंड उघडून, आत डोकं वाकवून नमस्कार करत्यात. मग मी कॉफी दिली की पिऊन जात्यात. तुला सांगू नका म्हणाले, उगं लाजंल म्हणून."

पोळीचा तुकडा ताटात पडला.

दुसऱ्या दिवशी सूर्यकांत आंघोळीला गेला नाही. तोंडात ब्रश तसाच ठेवून तो खिडकीआड उभा राहिला. फाटक वाजलं. पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला मफलर अशा वेशात शेषगिरीराव आले, इकडेतिकडे बघितलं, बॉनेट उघडलं आणि खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला.

"शाहेब!" सूर्यकांत फेसासकट धावला.

शेषगिरीराव दचकले. बॉनेटचा काठ डोक्याला लागला. मग गाडीच्या मडगार्डवर बसून ते बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

"जावयाला ही गाडी फार आवडलीय," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरच्यांनी ती त्याला द्यायचा शब्द देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. आता मी नाही कसं म्हणू? म्हटलं, चालतच नसली तर विषयच मिटला."

"मग दुरुस्तीला कशाला दिली साहेब?"

"दिली नसती तर घरी संशय आला असता. मेकॅनिकला दिली असती तर त्याने केली असती. म्हणून तुला दिली." मग त्यांना सूर्यकांतचा चेहरा दिसला असावा. "म्हणजे तू वाईट इंजिनिअर आहेस असं नव्हे. पण तू केलीस, तेव्हा मला धक्काच बसला बघ."

हे कौतुक की अपमान, ते सूर्यकांतला ठरवता येईना.

"आता एवढं कर," शेषगिरीराव म्हणाले. "लग्नाच्या दिवशी ही बंद पडली पाहिजे. सरी, ठीक आहे ना?"

सूर्यकांतने हे अहल्याला सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्या कारखान्यासमोर तुम्ही ढ ठरणार!"

"आणि गाडी चालली तर साहेबांच्या नजरेत ढ."

"मग कुठला ढ बरा?"

त्यावर दोघांनी खूप विचार केला. नोकरी साहेबांच्या हातात होती. लग्नाच्या सकाळी सूर्यकांतने स्वतःच्या हाताने स्क्रू बाहेर पिळला. नीट चालणारी गाडी बिघडवताना त्याला कसंसंच झालं.

दुपारी हॉलसमोर फुलांनी मढलेली लाल गाडी उभी राहिली. जावई शेजारी बसला. धनलक्ष्मीला गाडी चालवायची होती, म्हणून शालू सावरत ती स्टिअरिंगवर बसली. इंजिन सुरू झालं. तिने पाय उचलला आणि गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. कारखान्यातल्या मंडळींनी सूर्यकांतकडे पाहिलं. त्याने बुटांकडे पाहिलं.

"अय्यो, काय हे चौगुले," शेषगिरीराव मोठ्यांदा म्हणाले. "जाऊ दे. दुसरी गाडी आणा."

पण धनलक्ष्मी खाली उतरली. एका मावशीच्या हातातून आहेराचं पाकीट घेतलं, त्यावर चिकटवलेलं नाणं काढलं, बॉनेट उघडलं आणि बांगड्या वाजवत आत काहीतरी पिळलं. गाडी सुरू झाली आणि चालूच राहिली.

"तुला कसं कळलं?" जावयाने विचारलं.

"कुणी गाडी मागितली की अप्पा हा स्क्रू ढिला करतात. मी लहानपणापासून बघतेय." तिने वडिलांकडे पाहिलं, हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. शेषगिरीरावांचेही भरले. त्यांनी मुलीला जवळ घेतलं. मंडळी गहिवरली. साहेब मुलीसाठी रडताहेत की गाडीसाठी, हे सूर्यकांतला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नसावं.

गाडी वळणापर्यंत पोचली. एवढ्यात शेषगिरीराव धोतर सावरत रस्त्यावर धावले.

"धनू! सकाळी थंडीत सुरू करताना चोक ओढ गं! स्वल्पच! जास्त नको!"