घरभर एकच ‘चालू’

पंखा कोणी चालू ठेवला, यावरून आमच्या घरी रोज वाद होतो. (बहुतेक वेळा मीच ठेवलेला असतो.) म्हणून अख्खं घरच प्रोग्राममध्ये घालायचं मी ठरवलं. कचेरीत मी क्लार्क. पण महिनाभर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकलो. ‘घर’ नावाचा एक मोठा क्लास (म्हणजे प्रोग्राममधला कप्पा) केला, त्याच्या पोटात हॉल, बेडरूम, किचन, बाथरूम असे छोटे क्लास. भिंतीभिंतीवर नवी बटणं चिकटवली, शिवाय सगळं मोबाईलवर.

नेमक्या त्याच दिवशी चिरनेरहून सासूबाई आल्या.

“अहो, आईसमोर शोभा झाली ना,” रंजिताने, म्हणजे आमच्या सौ.ने बजावलं, “तर हे सगळं भंगारात. लॅपटॉपसकट!”

लॅपटॉपसकट! तरी ऐटीत मोबाईलवरून हॉलचा पंखा लावला. पंखा फिरला. किचनमध्ये मिक्सरही फिरला. त्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण होतं, झाकण रंजिताच्या हातात होतं आणि शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी घाबरून मिक्सर बंद केला. पंखा थांबला आणि बाथरूममध्ये अंधार झाल्यामुळे आमची कन्या आतून किंचाळली.

ही संजना इंजिनिअरिंगला आहे. ओल्या केसांनीच तिने माझा प्रोग्राम उघडला.

“बाबा, ‘चालू’ हे व्हेरिएबल, म्हणजे चालू-बंदची नोंद, तुम्ही बाहेरच्या क्लासमध्ये ठेवलंय. आतले सगळे क्लास तेच एक वापरतायत.”

“बरंच आहे की! सगळ्यांना सापडतं.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे!”

मला ओ की ठो कळेना. सासूबाई कपाळावरचं खोबरं पुसत म्हणाल्या, “जावयबापू, गावाला येकच इहीर आसली, नि येकानं गढूल केली, का सगल्यांचंच पानी गढूल. घराघरान हंडा ठेवा ना!”

“आजी, एकदम करेक्ट!” संजना ओरडली. “प्रत्येक खोलीचं ‘चालू’ त्या खोलीच्या क्लासच्या आत.”

(चौथी पास बाईंना जे मिनिटात कळलं, ते मला महिन्यात कळलं नव्हतं. असो.)

दोन दिवस मी खपलो आणि काय सांगू, जमलं! बेडरूममध्ये बटण दाबलं, बेडरूमचाच पंखा. किचनमध्ये दाबलं, फक्त मिक्सर. बाथरूम कुणाच्या अध्यात ना मध्यात. रंजिताने चक्क टाळ्या वाजवल्या. “जमलं हो तुम्हाला!” बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. लॅपटॉप वाचला. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

फक्त मोबाईलवरून आता काहीच चालेना.

“खोलीचं ‘चालू’ खोलीच्या आत गेलं ना बाबा,” संजना म्हणाली. “ते बाहेरून दिसत नाही. आत जाऊन बटण दाबायचं.”

सासूबाई प्रत्येक खोलीत गेल्या, प्रत्येक बटण दाबून आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “झ्याक केलंत जावयबापू! आमच्या घरान पन इंद्रजीत वायरमननं आसंच केलंय. येकेका खोलीन येकेक बटन. फकस्त तो सकाली आला नि जेवनाच्या येलेला मोकला झाला.”