हेव्यावर भरलेली बॅटरी

बार्शीच्या मॉडेल विमान क्लबात बॅटऱ्या हेव्यावर चार्ज होतात. भिंतीतल्या विजेवर त्या भरून बघण्याचे प्रयत्न सुरुवातीला काही लोकांनी केले होते, पण तसं विमान माळाच्या टोकापर्यंत जेमतेम धावतं आणि तिथेच बसून राहतं. म्हणून चार्जरला दोन पट्ट्या असतात. त्या दोन्ही मनगटांना बांधायच्या, ज्याचा हेवा वाटतो त्याला समोर बसवायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. लाल दिवा हिरवा झाला की पट्ट्या सोडायच्या आणि समोरच्याचे आभार मानायचे.

क्लबाचे सचिव मुजावरसाहेब हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. नव्या सभासदाला ते पहिल्या दिवशी सांगतात की बॅटरी निवडण्याआधी माणसाने आपला हेवा ओळखावा. जुना, मुरलेला हेवा असेल तर निकेलची घ्यावी. ती जड असते, आणि तिला आठवण असते. एकदा अर्ध्या मनाने भरली की पुढे तेवढीच भरते. लिथियमची बॅटरी हलकी, पण तिला रोजचा ताजा हेवा लागतो. तिच्या पोटात तीन सेल असतात. एक समोरच्याच्या चीजवस्तूंवर भरतो, दुसरा त्याच्या हातातल्या कसबावर आणि तिसरा नशिबावर. तिन्ही सारखे भरले तरच विमान सरळ उडतं. प्रमाणाबाहेर हेवा गेला तर ही बॅटरी फुगते आणि पेट घेते, म्हणून भरताना तिला सोडून जायचं नाही.

आणखी एक नियम आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याबद्दल मन साफ झालं की भरलेली बॅटरीसुद्धा जागच्या जागी उतरते. त्यामुळे विमान हवेत असताना मैदानावर समेट करायला मनाई आहे. पूर्वी दोन साडूंनी ही चूक केली होती. विमान विहिरीत गेलं.

अच्युत बारबोले लिथियमवाला होता. बसस्टँडमागे त्याचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. अकरा वर्षं तो आपली बॅटरी नेमिचंद दोशींवर भरत आला होता. दोशीशेठची डाळ मिल. शनिवारी संध्याकाळी मिल बंद करून ते अच्युतच्या दुकानात येत, स्टुलावर बसत आणि आपलं पिवळं विमान गुडघ्यांवर आडवं ठेवून त्याचे स्क्रू आवळत. आपल्यावर कोणी बॅटरी भरतंय याचा त्यांना संकोच नव्हता. ते स्वतः पुण्याच्या थोरल्या भावावर भरत.

"नवी गाडी घेतलीय. दारात उभी आहे, बघायची का?" ते विचारत.

"लागली तर बघू," अच्युत म्हणे. "सध्या हात पुरेत."

दोशीशेठचे हात बघण्यासारखेच होते. रिमोटवर त्यांचे अंगठे हलताना दिसत नसत आणि विमान मात्र वळलेलं असे. उतरताना ते जमिनीला असं टेकायचं की कुठल्या क्षणी टेकलं ते सांगता येत नसे. अच्युतने तसं उतरवायचा अकरा वर्षं प्रयत्न केला. त्याचं विमान उतरताना नेहमी एक उडी मारायचं. ती उडी आठवली की दुसरा सेल भराभर भरायचा.

यंदा अच्युतने मोठं विमान बांधलं होतं. बाल्सा लाकडाचं, पांढरं, पलंगाएवढ्या पंखांचं. बांधायला दोन वर्षं गेली. जिल्ह्याच्या स्पर्धेत ते उडवायचं त्याने ठरवलं होतं, आणि स्पर्धेला आठवडा राहिला असताना दोशीशेठ नेहमीप्रमाणे येऊन स्टुलावर बसले.

अच्युतने पट्ट्या बांधल्या. लाल दिवा लागला. थोड्या वेळाने तो पिवळा झाला.

पिवळा दिवा म्हणजे कीव. कीव आली की प्रवाह उलटा वाहतो आणि बॅटरीत असेल तेही निघून जातं.

"काय झालं?" दोशीशेठनी विचारलं.

"भरत नाहीये, शेठ."

"मी हललो असेन. थांब जरा."

ते खरंच हलत होते. त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली थरथरत होता, आणि पिवळ्या विमानाच्या स्क्रूवरून पेचकस सतत घसरत होता. त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मुलाने टोरांटोत घर घेतलं," ते म्हणाले. "मोठं आहे. मागे अंगण, अंगणात सफरचंदाचं झाड."

पहिला सेल थोडा भरला.

"धाकट्या सुनेला दिवस गेलेत. जुळी आहेत म्हणतात."

तिसराही थोडा भरला. दुसरा उतरत होता.

"हातांमुळे का?" दोशीशेठनी विचारलं.

अच्युत चार्जरच्या बटणाकडे बघत राहिला. चार्जर बंद करावा तर ते अपमानासारखं दिसलं असतं, आणि चालू ठेवावा तर दिवा पिवळाच.

"डॉक्टर म्हणतात, हे आता असंच राहणार," दोशीशेठ म्हणाले. "त्याचं एक असू दे. पण शनिवारी तू या हातांकडे बघायचास ना, तसं आमच्या घरात कोणी बघत नाही. बायकोसुद्धा नाही. मला सवय झाली होती." त्यांनी विमान दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि उठले. "तू दुसरं कोणी बघ. मला वाईट वाटायचं नाही."

त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

अच्युतने पुढचे चार दिवस माणसं शोधण्यात घालवले. पेट्रोल पंप मिळालेल्या मेव्हण्याला बोलावून समोर बसवलं, पण मेव्हणा कर्जाबद्दलच बोलत राहिला. शेजारचे वकील येऊन बसले. त्यांच्याकडे बघून अच्युतला जांभई आली. शेवटी मुजावरसाहेबांनी क्लबाची निकेलची बॅटरी देऊ केली. अच्युतने ती ताजव्यात टाकली आणि परत केली. तेवढं ओझं घेऊन पांढरं विमान जमीन सोडणार नव्हतं.

"मग नाव मागे घेता का, बारबोले?" मुजावरसाहेबांनी विचारलं.

"शनिवारपर्यंत थांबा," अच्युत म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी तो घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी पट्ट्या बांधून रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता. त्याची बायको संजीवनी नगर वाचनालयातून आली, तिने पर्स खुंटीला लावली आणि दूध गॅसवर ठेवलं.

"मी बघू का भरून?" तिने विचारलं.

"तुला कोणाचा हेवा?"

"बघू तर द्या."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत संजीवनीने दुसऱ्याचे दागिने, घरं, मुलांचे मार्क हे सगळं ऐकून "छान झालं" म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. अच्युतने पट्ट्या सोडून तिच्या मनगटांना बांधल्या. बांगड्या जरा वर सरकवाव्या लागल्या.

"समोर कोणाला बोलवायचं?"

"कोणाला नको. ते दार तेवढं उघडा."

त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं. आत पलंगावर पांढरं विमान ठेवलेलं होतं. पंख मावत नव्हते म्हणून दिवाळीपासून संजीवनी खाली गादी घालून झोपत होती आणि अच्युत बाहेरच्या दिवाणावर. विमानाला ऊन लागू नये म्हणून पडदा पाडलेला होता.

संजीवनी दाराकडे तोंड करून बसली. दूध वर यायच्या आत दिवा हिरवा झाला. अच्युतने वाकून बघितलं. तिन्ही सेल अगदी सारखे भरले होते. असं त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बॅटरीची कड फुगायला लागली तेव्हा त्याने घाईने पट्ट्या ओढून काढल्या.

"एवढ्यात झालं?" संजीवनी म्हणाली, आणि गॅस बंद करायला उठली.

हेवा कोणाचा, हे क्लबात एकमेकांना विचारणं असभ्य समजतात. अच्युतनेही विचारलं नाही. पण जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. दारातून पलंगामागची खिडकी दिसते, खिडकीच्या पलीकडे बेदरकरांची गच्ची, आणि बेदरकरांची बायको दर उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जाते. तेच असेल असं त्याने धरलं. पडदा पाडलेला होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी माळावर नऊ विमानं होती. आजूबाजूला ज्वारी उभी होती. दोशीशेठ खेळाडू म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून आले होते आणि शाल पांघरून खुर्चीवर बसले होते. त्यांनी अच्युतला हात केला नाही.

उड्डाणाआधी सचिवांनी बॅटरी तपासायची असते, आणि स्पर्धेत हेव्याचं ठिकाण उघड सांगावं लागतं.

"बॅटरी कोणी भरली?" मुजावरसाहेबांनी विचारलं.

"मिसेसनी."

"वहिनी, हेव्याचं ठिकाण?"

"हे विमान," संजीवनी म्हणाली.

मुजावरसाहेबांनी चष्मा वर केला. "म्हणजे विमानाच्या मालकाचा, असं म्हणायचंय का?"

"मालकाचा हेवा मला कशाला वाटेल? विमानाचा."

अच्युत विमानाच्या शेपटीशी वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला.

मुजावरसाहेबांनी दोन्ही पंचांना बाजूला घेतलं. ज्या विमानाचा हेवा त्याच विमानाच्या बॅटरीत चालतो का, यावर बराच वेळ विचार झाला. एका पंचाचं मत पडलं की यात विमान स्वतःच स्वतःचं इंधन होतं, हे बरोबर नाही. दुसरे म्हणाले, नियमात तसं कुठे नाही, आणि हेवा खरा असला म्हणजे झालं. बॅटरीला हात लावून बघा, अजून गरम आहे. मुजावरसाहेबांनी हात लावला आणि परवानगी दिली.

पांढरं विमान पहिल्याच धावेत उचललं गेलं. ते माळावरून सरळ वर चढलं, ज्वारीवर मोठं वळण घेऊन आलं आणि लोकांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पंख्याचा आवाज शांत आणि भरलेला येत होता. सगळ्यांत शेवटी उतरेल ते विमान जिंकायचं, आणि एकेक करून बाकीची उतरली. आता हवेत फक्त शिंदीकरांचं निळं विमान आणि अच्युतचं पांढरं राहिलं होतं, आणि निळं मधूनमधून गचके खात होतं. दोशीशेठ वर बघत नव्हते. ते अच्युतच्या हातांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

संजीवनी अच्युतच्या शेजारी उभी होती. नजर वरच ठेवून ती बोलायला लागली.

"त्याला हात लावायच्या आधी तुम्ही हात चोळून गरम करता."

"लाकूड नाजूक असतं," अच्युत म्हणाला.

"असेल. मागच्या पाडव्याला मी नवी साडी नेसून तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात, जरा सरक, उजेड अडतोय."

"कुठली साडी?"

"मोरपिशी."

अच्युतला साडी आठवेना. पंखाला कागद चिकटवत होतो ते आठवलं, खळीचा वास आठवला, उजेड कुठून येत होता तेही आठवलं.

"बारबोले, उड्डाण चालू आहे," मुजावरसाहेब मागून हळू आवाजात म्हणाले. "सांभाळून बोला."

"मी काही मागत नाहीये," संजीवनी म्हणाली. "तुम्ही उडवा. छान उडतंय. छान उडतंय म्हणूनच तर."

शिंदीकरांचं निळं विमान खाली यायला लागलं होतं. अच्युतने थोडा वेळ गप्प राहायचं होतं, बस. राज्याच्या स्पर्धेचं पत्र त्याच्याच घरी आलं असतं. त्याने पांढऱ्या विमानाकडे बघितलं. दोन वर्षांत ते त्याला इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं. मग त्याने मान वळवून बायकोकडे बघितलं. ती विमानाकडे बघत होती, आणि तिच्या हनुवटीखाली एक शीर उडत होती. ती त्याने पूर्वी कधी बघितली नव्हती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "पलंग तुझा आहे."

"खरंच म्हणताय?"

"खरंच."

वरचा पंख्याचा आवाज थांबला.

 विमान थोडा वेळ आहे तिथेच राहिल्यासारखं वाटलं, मग त्याने नाक खाली केलं आणि आवाज न करता ज्वारीवरून तरंगत गेलं. अच्युतचे अंगठे हलत होते, पण रिमोटचा काही उपयोग नव्हता. कणसांच्या वर पांढरी शेपटी एकदा दिसली आणि मग दिसली नाही.

"बारबोले बाद," मुजावरसाहेबांनी जाहीर केलं. "कारण, समेट." मग ते जवळ आले आणि म्हणाले, "अभिनंदन, वहिनी."

विमान शोधायला दोघं ज्वारीत शिरली. ते संजीवनीला आधी सापडलं. डावा पंख मुळाशी मोडला होता, बाकी सगळं शाबूत होतं. तिने ते उचलून खांद्याशी धरलं आणि त्यात अडकलेली पानं एकेक करून काढली.

"दे, मी घेतो," अच्युत म्हणाला.

"राहू द्या. मी धरलंय नीट."

तिने ते गाडीतही मांडीवरच ठेवलं. घरी आल्यावर पर्स खुंटीला न लावता ती टेबलाशी बसली, विमान पुढ्यात घेतलं आणि मोडलेल्या पंखाच्या कडा बोटाने चाचपून बघितल्या. त्याच्या पोटावरचा चिखल तिने ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. आता तिला विमानाचा राग उरलेला नव्हता. खळ कुठे ठेवलीय, असं तिने विचारलं. अच्युतने आणून दिली. पुसता पुसता ती काहीतरी गुणगुणत होती. ते त्याने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

"चहा टाकू का?" त्याने विचारलं.

"टाका की," ती मान वर न करता म्हणाली.

त्याने चहा केला. तिचा कप तिच्याजवळ ठेवला. तिने पंखाला खळ लावली, तो जागेवर बसवला आणि सुकेपर्यंत दोन्ही तळव्यांमध्ये धरून ठेवला. हलू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होती. कपावर साय धरली.

अच्युत समोरच्या खुर्चीवर बसून बघत होता. थोड्या वेळाने त्याने चार्जर जवळ ओढला, उतरलेली बॅटरी त्याला जोडली आणि पट्ट्या स्वतःच्या मनगटांना बांधल्या. लाल दिवा लागला, आणि तिन्ही सेल सारखे चढायला लागले.

"भरतेय का?" संजीवनीने विचारलं.

"भरतेय," तो म्हणाला. "तुझं चालू दे."