शवासनातली शांतता

योगशिक्षिकेला टीका हसतमुखाने स्वीकारता आली पाहिजे, याबद्दल सुनीती मॅडमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यासाठी त्यांनी एक ऑनलाइन कार्यशाळाही केली होती. टीका कानावर पडताच दीर्घ श्वास घ्यावा, मंद हसावं, आभार मानावेत आणि स्वतःचं समर्थन करू नये, असं तिथे शिकवलं होतं. प्रमाणपत्र मिळालं होतं. आता फक्त कुणीतरी टीका करायची बाकी होती.

खडकीच्या सोसायटीतला सकाळचा वर्ग संपला आणि चटई गुंडाळता गुंडाळता बद्रीनाथकाका म्हणाले, "मॅडम, शवासनात तुम्ही फार बोलता."

काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाले आणि झोपही उडाली. "इथे जरा डोळा लागतो," ते म्हणाले, "तेवढ्यात तुम्ही सांगता, 'आता डावा घोटा शांत झाला आहे.' अहो, तो झालेलाच असतो. तुम्ही उठवता त्याला."

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. मंद हसल्या. आभार मानले. मग समर्थन म्हणून नव्हे, केवळ माहितीसाठी, शवासनात सूचना का द्याव्या लागतात हे त्यांनी सांगितलं. बॅडमिंटनवाले येऊन जाळी बांधू लागले तेव्हा काकांची सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे आडवे झाल्यावर मॅडम मृदू आवाजात म्हणाल्या, "मी फार बोलते, असं एका साधकांनी निदर्शनास आणलं आहे. मी नाव घेणार नाही. काका, खांदे सैल सोडा. तर आता मी पूर्ण मौन पाळते आहे. हे माझं मौन तुम्हांला जाणवतंय का? काका, जाणवतंय?"

"जाणवत होतं," काका म्हणाले.

एवढ्यावर थांबणं मॅडमच्या उदारपणाला शोभलं नसतं. त्यांनी शाल-श्रीफळ देऊन काकांचा 'आदर्श टीकाकार' म्हणून सत्कार केला. ते पाहून वर्गातल्या हेमाताईंना आपल्याही काही तक्रारी असल्याचं आठवलं. मग रोज वर्गानंतर अभिप्रायसत्र सुरू झालं. त्याला वेळ पुरेना, म्हणून प्राणायाम वगळला. पुढे आसनं वगळली. पुण्यात चटईवर बसून दुसऱ्याच्या चुका सांगायला मिळतात म्हटल्यावर हजेरी वाढली, यात नवल नाही. पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मांजरी गावाहून दोघे रिक्षा करून येऊ लागले.

काका मात्र यायचे बंद झाले.

हे मॅडमना खरोखरच लागलं. त्या काकांच्या घरी गेल्या. सून वल्लरीने दार उघडलं. "रात्रभर जागेच होते बाबा," ती हळूच म्हणाली. "आता कुठे पडलेत."

काका पलंगावर छताकडे बघत होते. "मॅडम, मला सत्कार नको होता हो," ते म्हणाले. "पाच मिनिटं हवी होती."

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. कार्यशाळेतलं काहीच आठवेना. त्यांनी तोंड मिटलं आणि खुर्चीवर नुसत्या बसून राहिल्या. बाहेर खडकी स्टेशनातून गाडी गेली. काकांचा श्वास लांबला, हात पोटावरून घसरला आणि ते घोरू लागले. मॅडमना भरून आलं. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण आपल्यासमोर कुणी असं निर्धास्त झोपलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्या पावलांचा आवाज न करता निघाल्या.

दुसऱ्या दिवशी काका मोठ्या आशेने वर्गात आले. अभिप्रायसत्र रद्द झालं होतं. आसनं झाली. सगळे आडवे झाले, डोळे मिटले. हॉलमध्ये शांतता पसरली.

"काल," मॅडम सद्गदित होऊन म्हणाल्या, "मला मौनाचा एक विलक्षण अनुभव आला."

तो त्यांनी सविस्तर सांगितला. घोरण्यासकट.

निघताना त्यांनी भरल्या डोळ्यांनी विचारलं, "काका, आजचं शवासन कसं वाटलं? अगदी मोकळेपणाने सांगा."

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले.

काकांना कुणी हसू नये. परवा आपल्या भाचीचं गाणं संपल्यावर तिने आपल्याकडे बघितलं, तेव्हा आपण तरी दुसरं काय म्हणालो होतो?