रुस्तुमकाका पेपरात आले

कापूस दिसला की रुस्तुमकाकांची बोटं गप्प बसत नाहीत. तो कुणाचा, कशात भरलेला, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. चिमूटभर उपसायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, डोळ्यांजवळ नेऊन धागा बघायचा आणि जागच्या जागी निकाल द्यायचा. सेलूच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवली. ते निवृत्त झाले, पण बोटांना कुणी कळवलं नाही.

इंजेक्शनआधी डॉक्टर दंडावर बोळा फिरवायला गेले, तर काकांनी तोच काढून घेतला. "धागा आखूड हाय, डॉक्टर. मी पारखून सांगायलोय." माझ्या पुतणीच्या लग्नात तर कहर. नवरदेव ज्या लोडाला टेकला होता त्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून काका भर मांडवात ओरडले, "कवडी भरली की ह्यात, कवडी!" कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. लोड आमचेच होते. वरमाय अजून आमच्याकडं हलका माल बघितल्यासारखी बघते.

तर हे काका एका सकाळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात धापा टाकत शिरले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"सुधाकर, आरं मी पेपरात आलोय!"

मला वाटलं, सत्काराची बातमी असेल. काकांनी शेवटचं पान टेबलावर आपटलं. तिथं रोज तीन चौकटींची एक चित्रमालिका येते, 'श्रीयुत उपद्व्यापे' नावाची. पहिल्या चौकटीत तिरकी टोपी घातलेले उपद्व्यापे लग्नात बसून लोडातला कापूस उपसत होते. दुसरीत व्याही लालबुंद. तिसरीत सौ. उपद्व्यापे कमरेवर हात ठेवून म्हणत होत्या, "अहो, घरी चला. तुमच्यासाठी अख्खी गादी फाडून ठेवते!"

"माझी तिरकी टोपी, माझ्या चष्म्याची दोरी बी सोडली न्हाई गड्या! पेपरवाल्याचा माणूस इथंच सेलूत फिरायलाय. तिसरी चौकट मोठी करून दे."

तिसरीत काका अर्धेच दिसत होते. पण त्या गडबडीत विचारतो कोण? मला तर त्यांच्याइतकाच चेव चढला होता. मी चौकट पानभर मोठी केली आणि पूर्ण चित्राच्या वीस प्रती काढल्या. तासाभरात त्या न्हाव्याकडं, एसटी स्टँडवर, कापूस मार्केटच्या काट्यावर चिकटल्या. लोक काकांना हाक मारायला लागले, "काय उपद्व्यापे!" आणि काका टोपी आणखी तिरकी करायचे.

मग काकांना जबाबदारीची जाणीव झाली. चित्रकाराला रोज नवीन काहीतरी पुरवायला नको का? भज्याच्या गाड्यावर उभं राहून त्यांनी भजं कसं सोडायचं याचे धडे दिले. बसमध्ये शिरून कंडक्टरच्या सीटच्या फाटक्या गादीची तपासणी केली. प्रत्येक पराक्रमानंतर हळूच इकडंतिकडं बघायचे, कुणी टिपून घेतंय का. त्यांचा सगळ्यात दाट संशय न्हाव्यावर होता. रोज सकाळी मात्र माझ्याकडं हजर, "तिसरी चौकट मोठी कर."

आणि एका सोमवारी सौ. उपद्व्यापे रुसून माहेरी गेल्या. चित्रात पिशवी, पाठमोरी बाई आणि उघडं दार. मंगळवारी उपद्व्याप्यांचं दूध उतू गेलं. बुधवारी त्यांनी सदऱ्याला उलटी गुंडी लावली. सगळं सेलू खदाखदा हसत होतं. काका दुकानात आलेच नाहीत.

शुक्रवारी आले, स्टुलावर बसले. "एक पत्र टाइप कर. संपादकसाहेब, नमस्कार. माझी कितीबी टर उडवा, तक्रार न्हाई. पण बाईला जल्दी वापस आणा. तिच्याबिगर त्यो माणूस लय परेशान हाय. दिवसभर त्याच्याशी कुणी एक शब्द बोलत न्हाई. घर खायला उठतंय."

माझी बोटं थांबली. गोदाकाकूंना वारून दोन वर्षं झाली होती.

"अशीच खेकसायची माझ्यावर," काका म्हणाले. "सकाळी सकाळी ते वाचलं की दिवस बरा जायचा."

इतके दिवस मी ती चौकट मोठी करून देत होतो आणि मला काही कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

रविवारी मी दुकान उघडायच्या आधीच काका येऊन उभे होते. पत्र अजून माझ्याच खणात होतं, पाकीट मिळालं नव्हतं. पण पेपरात सौ. उपद्व्यापे परत आल्या होत्या. पिशवी उंबऱ्यात, हात कमरेवर. "अहो, चार दिवस नव्हते तर घराचं हे काय करून ठेवलंत?"

मी मशीन सुरू करायला वळलो. मागून काकांचा आवाज आला, अगदी हळू. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"चुकलं माझं. तू बस, मी चहा टाकतो."