वादळकन्येची बहीण

प्रसारणाला एकच दिवस उरला असताना वाहिनीच्या साहेबांना शोध लागला, की वादळकन्येचं एका मुलीवर प्रेम आहे. तोवर त्यांना एवढंच ठाऊक होतं, की ती मुठीत वादळ धरते, कोसळती इमारत एका हाताने सावरते आणि जाहिराती झकास मिळवून देते. ते तसेच गाडी काढून डबिंग स्टुडिओत आले आणि येताना वाहिनीचे संस्कार सोबत घेऊन आले.

परदेशी मालिकांना आपल्या भाषेत बोलतं करायचं काम या स्टुडिओत चाले, आणि ते बोलणं लिहायचे मामा. खरं म्हणजे वादळकन्येला आवाज देणाऱ्या मुलीचे ते मामा. पण तिचं ऐकून ऐकून मालकासकट सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले होते. माणूस भाषेत पक्का, पण कणा कच्चा. कोणी काहीही सांगितलं की ‘होऊन जाईल’ म्हणायचं आणि मग डोकं धरून बसायचं, ही त्यांची कामाची पद्धत.

साहेबांनी भाग पाहिला. वादळकन्या आपल्या मैत्रिणीला घेऊन आईकडे येते आणि सगळं सांगून टाकते, असा तो प्रसंग होता. साहेबांना घाम फुटला.

“आपल्या मालिका घराघरातल्या आज्या बघतात, मामा. त्यांना हे झेपायचं नाही. तिला बहीण करून टाका.”

“होऊन जाईल,” मामा म्हणाले.

म्हणताना त्यांनी काचेपलीकडे बघायचं टाळलं. तिथे माइकसमोर भाची उभी होती. तिची आई, म्हणजे मामांची ताई, रोज संध्याकाळी लेकीचा आवाज ऐकायला ही मालिका लावून बसे. आणि भाची जिच्याबरोबर राहायची ती नुसती रूममेट नव्हती, हे घरात फक्त मामांना माहीत होतं. आईला समोर बसवून सांगायला भाचीची जीभ रेटत नव्हती. वादळकन्येच्या तोंडून ते आधी आईच्या कानावर पडू दे, पुढचं आपण बोलू, असा तिचा बेत होता. त्या वाक्याला हात लावायचा नाही, असं तिने मामांकडून कबूल करून घेतलं होतं. मामा तेव्हाही ‘होऊन जाईल’च म्हणाले होते.

मामा लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. पडद्यावर वादळकन्या तिच्या परदेशी भाषेत ‘मी हिच्यावर प्रेम करते’ म्हणते तेव्हा शेवटी तिचे ओठ मिटतात. ‘बहीण आहे’ म्हटलं की तोंड उघडंच राहतं. ओठ मिटवायला शेवटी ‘म’ हवा. खूप खटपट करून मामांनी लिहिलं, “आई, ही माझी बहीण आहे, कायम.”

तिथून एकेक गोष्ट अंगाशी यायला लागली. बहीण, तर आई तिला आज पहिल्यांदाच कशी बघते? मामांनी प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल घडवून आणली. मग वादळकन्या तिच्या बोटात अंगठी घालते, तिचं काय? तिच्यात शत्रूचा माग काढणारं यंत्र बसवलं. राहता राहिलं चुंबन. ते कापायला साहेब उतावीळ झाले होते, पण नेमकी त्याच वेळी मागे खलनायकाची प्रयोगशाळा उडत होती आणि त्या स्फोटावर पुढचे चार भाग उभे होते. शेवटी साहेबांनीच सुचवलं की कृत्रिम श्वासोच्छ्वास दाखवा. समोरची मुलगी हातात फुलं घेऊन धडधाकट उभी होती. मामांनी तिला विषारी वायूची बाधा केली आणि लिहिलं, “श्वास घे, बहिणी, श्वास घे.”

पडद्यावरची आई डोळे पुसत म्हणायची, तू पंधरा वर्षांची होतीस तेव्हापासून मला माहीत होतं. तेही वाया जाऊ न देता मामांनी पुढे जोडलं, “की तुला बहीण आहे.”

कागद हातात पडल्यावर भाचीने तो वाचला, मग काचेतून मामांकडे पाहिलं.

“मामा, तू कबूल केलं होतंस.”

मामा पेनाचं टोपण काढघाल करत राहिले. भांडेल, निघून जाईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. पण ती माइककडे वळली आणि आवाज लावला. शब्द बहिणीचे होते, आवाज मात्र तिने मूळच्या वाक्याचा लावला. ‘कायम’ म्हणताना तिला रडू फुटलं. ध्वनिमुद्रण करणारा चष्मा पुसायला लागला. साहेब खूश झाले. बहिणींची माया कशी अस्सल उतरली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने मामांना मालिका बघायला बोलावून घेतलं. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. पायरी गाळलेली तिला खपायची नाही. मामा सोफ्याच्या कडेला टेकले आणि तिचे प्रश्न सुरू झाले. अदलाबदल या दोघींचीच झाली ना, मग या बहिणी कशा? अंगठीत माग काढायचं यंत्र, तर ती घालताना गुडघ्यावर कशाला बसायचं?

“तशी पद्धत असेल त्यांच्याकडे,” मामा म्हणाले.

“आणि कायम काय? बहीण कायमचीच असते. ते रडून सांगायला लागतं का?”

मामांनी पाणी मागितलं. तेवढ्यात विषारी वायूचा प्रसंग आला. ताईने चष्मा वर केला, पाहिलं, आणि पुन्हा खाली घेतला.

भाग संपतो न संपतो तोच साहेबांचा फोन आला. वाहिनीत तक्रारींचा पाऊस पडला होता. सख्ख्या बहिणींना असं वागताना दाखवता, लाज कशी वाटत नाही, असं लोक विचारत होते. सगळ्यात जास्त चिडल्या होत्या त्या आज्या, आणि त्यांतली एक साहेबांची स्वतःची आई होती.

“उद्या सकाळच्या पुनःप्रसारणाच्या आत ती बहीण काढून टाका,” साहेब म्हणाले.

“मग कोण ठेवू?”

“जी आहे तीच ठेवा,” असं पुटपुटून साहेबांनी फोन ठेवला.

ताईने टीव्ही बंद केला.

“खरं काय म्हणते ती?”

आजवर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या मामांना हे एक वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं. ‘होऊन जाईल’ म्हणून सुटण्यासारखं नव्हतं.

“आई, मी हिच्यावर प्रेम करते.” शेवटी ओठ मिटतात की नाही, हे मामांनी या वेळी पाहिलं नाही. “आणि आई म्हणते, मला कधीचं माहीत होतं.”

ताई पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “मलाही होतं. वाटलं, सांगेल कधीतरी. आज आवाज ऐकला तेव्हा कळलं, पोर किती घाबरलीये. आणि तू मधे विषारी वायू सोडत होतास.”

“मी तिला फोन करून समजावतो,” मामा घाईघाईने उठले.

“तू बस खाली. यात तुझा एक शब्दही नकोय मला.”

तिने स्वतःच फोन लावला. पलीकडून भाचीचा बारीक ‘हॅलो’ मामांना सोफ्यावरसुद्धा ऐकू आला.

“भाग बघितला,” ताई म्हणाली. “रविवारी दोघी जेवायला या. आणि तिला तुझी बहीण म्हणून आणायचं नाही. माझी सून म्हणून आण.”